दगडांची साक्ष
(ज्युबिली महोत्सवाच्या प्रसंगीं मांडवगण फराटा येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल दिवशीं चार शब्द बोलण्याचें काम आमच्याकडे सोंपविण्यांत आलें, तेव्हां कोणता विषय घ्यावा असा आम्हांस प्रश्न पडला. उपदेशाचा अधिकार धर्मगुरूंचा आहे. तो आम्ही घेऊं इच्छीत नाहीं. परंतु ज्युबिली म्हणजे मागें वळून पाहण्याचा दिवस. म्हणून एका जुन्या देवळाची हकीकत आपणांपुढें ठेवावी, असें आम्हीं योजिलें आहे. तें देऊळ येथून दूर, समुद्रकांठीं आहे. पण त्याचा आवाज आपल्या या भीमेच्या खोऱ्यांत कसा येऊन पोहोंचला, तें प्रथम सांगतों.

भीमा नदी जेथें उगम पावते, त्या भीमाशंकराच्या देवळाच्या आवारांत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिचा घाट आपल्याकडील देवळांच्या घंटांचा नाहीं. तो युरोपांतील आहे. वाईजवळ मेणवली येथें कृष्णेच्या घाटावर अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हा सन असून पवित्र मरियेची आकृति आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१ हा सन आहे. आपल्या शिरूरजवळच्या रामलिंगाच्या मंदिरांतही अशी एक घंटा अर्पण करण्यांत आली, असें परंपरेनें सांगतात. या घंटा वसईच्या असून इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई जिंकल्यावर त्या घाटावर आणिल्या गेल्या, अशी सर्वत्र प्रसिद्धि आहे. ज्या मनोऱ्यांतून अशा घंटा काढल्या गेल्या, त्यांपैकीं एक अजून उभा आहे. तो वसईच्या किल्ल्यांतील संत जोसेफच्या देवळाचा मनोरा होय.

गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें इ. स. १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें बारा वर्षांनीं, म्हणजे १५४६ सालीं, पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्या आज्ञेनें तेथें संत जोसेफच्या नांवानें देऊळ उभें राहिलें. त्यास 'मात्रीझ' म्हणत. मात्रीझ म्हणजे मातृमंदिर. नगरांतील मुख्य धर्मग्रामाचें देऊळ. परंतु आज जो मनोरा व ज्या भिंती आपण पाहतों, त्या पहिल्या देवळाच्याच आहेत असें समजूं नये. तेथील एका शिलालेखांत असें सांगितलें आहे कीं, १६०१ सालीं, आलेइशु द मेनेझिस हे गोव्याचे महागुरुस्वामी आणि पेद्रु गाल्व्हांव पेरेरा हे येथील विगार असतांना, या मात्रीझचा जीर्णोद्धार झाला. त्याच देवळांत या विगाराची समाधिशिळाही आहे. १६१८ सालीं तो निवर्तला. देवळाची वाढ करणारा व तें नवें करणारा, एवढीच त्याची ओळख त्या शिळेवर दिली आहे.

बंधूंनो, या दोन शिळा नसत्या तर काय झालें असतें, याचा क्षणभर विचार करा. देऊळ दोनदां बांधलें गेलें हें कळण्यास सोपा मार्ग उरला नसता. गाल्व्हांव हें नांव तर बहुतेक कोणाच्या ओंठीं आलेंच नसतें. गोव्याचे विद्वान वैद्य डॉ. जेर्सन द कुन्हा यांनीं एकोणिसाव्या शतकांत वसईच्या झाडाझुडपांत शिरून असे लेख उतरून घेतले आणि चौल व वसई यांच्या प्राचीन अवशेषांवर १८७६ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दगडानें राखलें आणि एका माणसानें वाचलें, म्हणून आज आपणांस ठाऊक आहे.

जेथें लेख नसतो तेथें भिंतच वाचावी लागते. जुन्या भिंतीला नवी भिंत जोडली कीं मध्यें एक सरळ उभा सांधा राहतो. दोहोंचे दगड एकमेकांत गुंतत नाहींत. चुन्याचा रंग बदलतो, दगडाची घडाई बदलते, बुजविलेल्या दाराची कमान गिलाव्याखालून डोकावते. इंग्लंडांत या विद्येची मोठी जोपासना झाली आहे. तेथें गांवोगांवचीं देवळें शेंकडों वर्षांचीं. आठव्या हेन्रीनें १५३४ सालीं रोमशीं संबंध तोडला त्यापूर्वीं तीं सारीं आपल्याच क्याथॉलिक पूर्वजांचीं होतीं. त्यांपैकीं पुष्कळ एकोणिसाव्या शतकांत पाडून नव्यानें बांधण्यांत आलीं, तरी बाप्तिस्म्याचें जुनें दगडी कुंड किंवा एखादी कमान नव्या इमारतींत राखलेली आढळते, आणि तिच्यावरून जाणते लोक मूळ देवळाचा काळ सांगतात.

यॉर्कशायरांत व्हॅरम पर्सी नांवाचें एक ओसाड गांव आहे. तेथील संत मार्टिनचें देऊळ विद्वानांनीं विसाव्या शतकांत पायापर्यंत उकलून पाहिलें. तळाशीं दहाव्या शतकांतील लहानशा लांकडी देवळाच्या खुणा मिळाल्या. त्यावर दगडी देऊळ झालें. गांव वाढला तशा त्यास दोन्ही बाजूंस ओवऱ्या जोडल्या गेल्या. पुढें गांव उठूं लागला तेव्हां त्या ओवऱ्या पाडून कमानी बुजविण्यांत आल्या. त्या गांवांत माणसें केव्हां वाढलीं आणि केव्हां घटलीं, हें देवळाच्या भिंतीनेंच सांगितलें! देवळाची भिंत म्हणजे धर्मग्रामाची अशी एक वही असते.

आतां एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. कारण साक्ष द्यावयाची तर ती पुरी द्यावी. वसई प्रांतांत आपले धर्मप्रसारक आले, तेव्हां तेथें हिंदूंचीं देवळें होतीं. त्यांतील कित्येक पाडलीं गेलीं, आणि हें फ्रान्सिस्कन संप्रदायाच्या तत्कालीन लेखकांनीं स्वतःच अभिमानानें लिहून ठेविलें आहे. आज आपणांस त्याचा अभिमान वाटूं नये. आपली घंटा दुसऱ्याच्या देवळांत वाजते म्हणून ज्यास खंत वाटते, त्यानें दुसऱ्याच्या देवळाचा दगड आपल्या पायांत गेला असेल, हेंही मनांत आणावें. इतिहास आपणांस फिर्यादी होण्यास शिकवीत नाहीं; तो नम्र होण्यास शिकवितो.

वसईच्या वैभवाचा अंत एका दिवसांत झाला नाहीं. १६७४ सालीं मस्कतच्या अरबांनीं उतरून तटाबाहेरचीं देवळें लुटलीं. पुढें १७३९ च्या फेब्रुवारीपासून मराठ्यांनीं वेढा घातला; सुरुंग लावून बुरुज उडविला; आणि मे महिन्यांत किल्ला शरण आला. पोर्तुगीज जहाजांत बसून निघून गेले. छपरांचें लांकूड व कौलें गेलीं, भिंतींत पिंपळ-वड रुजले. एकोणिसाव्या शतकांत तर किल्ल्यांत ऊस लावून साखर काढण्याचाही उद्योग झाला. आपण उंसाच्या मुलखांतील माणसें. देवळांच्या सांवलींत उंसाचे फड उभे राहिले होते, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. वसईचा काळा दगड एके काळीं गोव्यास जात असे. १६०५ सालीं पूर्ण झालेल्या बॉम जेझूच्या देवळाच्या दर्शनी भागांत त्या दगडाचें कोरीव काम आजही दिसतें. ज्या गांवानें दुसऱ्याचीं देवळें सजविलीं, त्याचें स्वतःचें मातृमंदिर मात्र छपरावांचून उभें राहिलें.

परंतु, बंधुभगिनींनो, आमच्या भाषणाचें सार येथेंच आहे. मात्रीझ पडलें, धर्मग्राम पडला नाहीं. गोरे पाद्री गेले, पण शेतकरी, कोळी व कारागीर ख्रिस्ती तेथेंच राहिले. एतद्देशीय धर्मगुरूंनीं त्यांस सांभाळिलें. शरणागतीच्या तहांतच ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली होती. १७६० च्या सुमारास अँकेतिल द्यु पेराँ नांवाचा फ्रेंच प्रवासी साष्टींतून गेला, तेव्हां मराठ्यांच्या राज्यांत ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणें साजरे करीत असल्याचें त्यास आढळलें. आणि त्याहून मोठी गोष्ट पुण्यास घडली. वसई जिंकल्यास त्रेपन्न वर्षें झालीं असतां, १७९२ सालीं, त्याच पेशव्यांच्या घराण्यांतील सवाई माधवरावांनीं आपल्या सैन्यांतील क्याथॉलिक लोकांस पुण्यांत देवळासाठीं जागा दिली. तें पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचें देऊळ. नाना पेठेंतील आपलें 'सिटी चर्च'. प्रथम तें लहानसें होतें. सध्यांची इमारत १८५२ सालीं झाली. म्हणजे पुण्याचें हें आद्य देऊळही पुन्हां बांधलेलेंच आहे. पुढें १८८६ सालीं पुण्याचा धर्मप्रांत झाला, आणि १९९८ सालीं वसईचाही झाला. किल्ल्यांतील मात्रीझला छप्पर नाहीं, पण वसईला आज स्वतःचे बिशप आहेत.

मग देऊळ पडलें तरी चालतें, असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. श्रद्धा राखण्याचें काम देव करतो; पण आठवण राखण्याचें काम त्यानें आपणांवर सोंपविलें आहे. ज्युबिली आली कीं गांवोगांवीं जुनें देऊळ लहान पडूं लागल्याची चर्चा निघते. हें चांगलें लक्षण आहे. माणसें वाढलीं म्हणूनच तें लहान पडतें. नवें देऊळ अवश्य बांधावें. गाल्व्हांवनेंही तेंच केलें. आमची विनंती इतकीच कीं, गवंड्यानें पहिला दगड हलविण्यापूर्वीं चार गोष्टी कराव्या.

पहिली, जुन्या इमारतीचीं मापें घेऊन सर्व बाजूंनीं छायाचित्रें काढावीं. एकदां पाया उकरला कीं तीं मापें पुन्हां मिळत नाहींत. दुसरी, थडग्यांवरील व भिंतीवरील अक्षरें, चुन्याखालचीं सुद्धां, उतरून घ्यावीं. नव्या फरशीखालीं तीं कायमचीं बुजूं देऊं नयेत. तिसरी, बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या वह्या वाळवी व ओल यांपासून जपाव्या. ज्या घरांचा थडग्याचा दगड नाहीं, त्यांचा दगड ती वहीच आहे. आणि चवथी, जुन्या देवळांतील एखादी वस्तु, मग ती वेदीचा दगड असो, कुंड असो कीं घंटा असो, नव्या देवळांत मानानें बसवावी आणि नव्या भिंतींत सन व नांवें यांची शिळा घालावी. देणगीदारांचीं नांवें तर येतीलच. पण ज्यांनीं डोक्यावरून पाणी, वाळू व दगड वाहिले, त्यांचाही एका ओळींत उल्लेख असावा.

आणि एक काम तर आजच सुरूं करण्यासारखें आहे. आपल्यांतील वृद्ध आजोबा-आजींना विचारा: येथें पहिली मिस्सा कोणाच्या घरीं झाली? पाद्रीसाहेब कोणत्या वाटेनें येत? पहिला क्रूस कोणी रोविला? त्यांचें उत्तर लिहून ठेवा. वसईचे दगड अडीचशें वर्षांहून अधिक काळ पावसांत थांबले आणि तरीही वाचतां आले. माणसें तशीं थांबत नाहींत.

भीमाशंकराची ती घंटा कोणी वाजविली, तर तिचा नाद ज्या डोंगरांत घुमतो, तेथूनच निघालेली नदी आपल्या खोऱ्यांतून वाहते. ती घंटा ज्यांनीं ओतविली, त्यांनीं तिला प्रार्थनेस बोलाविण्याचें काम दिलें होतें; तें काम ती आजही करीत आहे, आणि आपण त्याचा हेवा करूं नये. आपण एवढेंच करावें कीं आपल्या स्वतःच्या घंटेचा सन, तिचें नांव आणि ती आणणारे हात आपल्या नातवंडांना ठाऊक राहतील असें करावें.

ज्यानें आपणांस जिवंत दगड म्हणून आपल्या मंदिरांत बसविलें, तो प्रभू येशू ख्रिस्त या धर्मग्रामास चिरंतन कृपेनें राखो, आणि पवित्र मरिया व संत जोसेफ आपणां सर्वांसाठीं विनंती करोत. आमेन.