शकुंतलेच्या वाटेने पायी
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'व्याख्यान' असा भारदस्त शब्द छापला आहे. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला पी-वेचा माणूस. पी-वे म्हणजे परमनंट वे, सोप्या मराठीत रूळमार्ग. आमचं बोलणं गिट्टी, स्लीपर आणि फिशप्लेटच्या पलीकडे सहसा जात नाही. तेव्हा आज रुळांबद्दलच बोलतो, पण गाडी नसलेल्या रुळांबद्दल.

गेल्या जानेवारीत मी, माझा साडू आणि आमच्या ऑफिसातला एक शेखावाटीचा सहकारी, असे तिघे मूर्तिजापूर ते यवतमाळ पायी चाललो. अंतर ११३ किलोमीटर, दिवस सहा. कशाच्या वाटेने, तर आमच्या 'शकुंतले'च्या. इथे बसलेल्या वऱ्हाडकरांना शकुंतला कोण हे सांगायला नको. पुणे-नाशिककडच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो.

मुंबई-नागपूर मार्गावर मूर्तिजापूर जंक्शन आहे. तिथून अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजच्या दोन फांद्या फुटतात. एक कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाते. दुसरी दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला, ७६ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरावर आणि तिथून मँचेस्टरला पोचवायचा, एवढ्यासाठी ही लाईन घातली गेली. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, कारभार किलिक निक्सनचा. गंमत अशी की १९५१ च्या सुमारास देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारी झाल्या, ही मात्र कंपनीचीच राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि लाईन कंपनीची! १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं वाफेचं इंजिन इथे १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. त्यानंतर डिझेल आलं. पुढे २०१० च्या दशकात गाड्या एकेक करून थांबल्या.

माझं गाव दारव्हा तालुक्यातलं. लहानपणी आम्ही याच गाडीने जायचो. धावत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढता येतं, असं लोक गमतीने म्हणायचे. मी स्वतः ते केलेलं नाही, पण करणारे पाहिले आहेत.

आता चालण्याविषयी. सहकाऱ्याने आधी सुचवलं होतं की एवढं लांब कशाला, मारवाड-मावली लाईनवर गोरमघाटात जाऊ. पावसाळ्यात तिथे पुष्कळ लोक रुळांतून चालतात, हे खरं. पण ती चालू लाईन आहे. परवानगीवाचून चालू लाईनवर फिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. दूधसागरला जुलै २०२३ मध्ये रुळांतून जाणाऱ्या पर्यटकांना उठाबशा काढाव्या लागल्या, ते फोटो आपण पाहिले असतील. ज्या खात्याचा पगार खातो त्याच्या पोलिसांसमोर उठाबशा काढणं मला परवडणारं नव्हतं. शकुंतलेची लाईन बंद असली तरी जमीन बेवारस नाही, म्हणून आम्ही आधी कळवून गेलो, आणि जिथे शेजारून पांदण होती तिथे पांदणीनेच चाललो.

रुळांतून चालण्याचं एक तंत्र असतं. ब्रॉडगेजवर स्लीपर साधारण ६० सेंटिमीटरवर असतात. माणसाचं पाऊल त्याहून थोडं लांब. त्यामुळे प्रत्येक स्लीपरवर पाय ठेवला तर चाल बायकी होते आणि एक सोडून ठेवला तर ढांगा टाकाव्या लागतात. (पहिल्या रांगेतल्या वहिनींनी माफ करावं, हे आमच्या जुन्या मुकादमाचे शब्द आहेत.) आमचा कीमन खांद्यावर हातोडा, हातात पाना, बरोबर लाल-हिरवी झेंडी आणि पटाखे घेऊन रोज आपली बीट जाता-येता पायी तपासतो. त्याला वारकरी म्हणायला हरकत नाही, फक्त त्याची वारी रोजची.

पण रेल्वेच्या वाटेचा एक मोठा गुण आहे. इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून रेल्वेवाला टेकडी खोदतो, खोलगट जागी भराव घालतो आणि चढ शंभरात एक, दीडशेत एक असा राखतो. शंभर मीटर चालल्यावर फक्त एक मीटर वर. सत्तरीतल्या माणसालाही दम लागणार नाही. याच कारणाने परदेशात बंद पडलेल्या लाईनींचे रूळ काढून त्यावर पायवाटा केल्या आहेत. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात १९८६ मध्ये बंद झालेल्या लाईनीवर कॅटी ट्रेल आहे, सुमारे ३८६ किलोमीटर. न्यूझीलंडमध्ये ओटागो सेंट्रल, १५२ किलोमीटर, २००० साली खुली झाली. स्पेनने १९९३ पासून अशा 'हिरव्या वाटा' केल्या. जुनी स्टेशनं तिथे खाणावळी आणि मुक्कामाच्या जागा झाल्या आहेत.

आमच्याकडे मुक्काम कसले, तर शाळेचा व्हरांडा, एका जिनिंगच्या चौकीदाराची खोली आणि कारंज्याला गुरुमंदिराजवळची धर्मशाळा. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, त्यामुळे तिथे जेवणाची ददात नाही. बाकी ठिकाणी जे मिळेल ते. एका शेतात कापूस वेचणाऱ्या बायांनी आम्हाला थांबवलं. "काहून चालून राह्यले बाप्पा? मोटारीले पैसे नाही का?" आणि पाठोपाठ भाकर-ठेचा पुढे केला. एका संध्याकाळी रोडगे आणि वांग्याची भाजी मिळाली. शेखावाटीच्या गड्याने रोडगा फोडला, तूप घातलं आणि म्हणाला, "अरे, ये तो अपनी बाटी है!" त्यानंतर त्याची तक्रार संपली. तोवर फोडांची बरीच होती.

वाटेत जे दिसलं ते पी-वेच्या माणसाला बघवत नाही. रुळांच्या मधोमध मनगटाएवढ्या बाभळी उगवल्या आहेत. कुठे फिशप्लेट नाहीत, कुठे रूळच नाहीत. भरावाची माती लोकांनी नेली, तिथे लाईन हवेत लटकते. गावाजवळ आलं की रुळांवर गोठा, उकिरडा, कुठे चक्क ओटा. दगडी मोऱ्या मात्र जशाच्या तशा. एका मोरीखाली उतरून मी सांधे नखाने उकरून पाहिले, हलले नाहीत. गर्डरच्या पुलांवर आम्ही गेलो नाही, स्लीपर कुजलेले होते. नाल्यात उतरून पलीकडे चढलो.

कारंज्याला रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध पॉइंट्समन भेटले. अखेरच्या काळात या लाईनीवर माणसं इतकी थोडी होती की तिकीट देणं, सिग्नल, गेट, सगळं दोन-चार जणांनीच बघायचं. मी त्यांना उत्साहाने परदेशातल्या पायवाटांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सायेब, पायवाट कराल तं गाडी कवाच येणार नाही. रूळ हायेत म्हून तं आमी मागून राह्यलो."

हे उत्तर मला दोन दिवस पुरलं. त्यांचं म्हणणं चूक नाही. गाडी बंद झाली तेव्हा सहलीची सोय गेली नाही, बाजाराला आणि दवाखान्यात जाणाऱ्या गरिबाचं स्वस्त तिकीट गेलं. ब्रॉडगेजसाठी तिथे वर्षानुवर्षे आंदोलनं होत आली आहेत. त्यांना "छान चाला" असं सांगायला गेलो तर ते चिडतीलच.

पण अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने एक तोड काढली आहे. लाईन बंद झाली तरी जमिनीची पट्टी मोडायची नाही, विकायची नाही. तिला पायवाट म्हणून वापरात ठेवायची आणि पुढे रेल्वेला गरज पडली तर ती परत घ्यायची. त्याला ते 'रेलबँकिंग' म्हणतात. पट्टी बँकेत ठेवल्यासारखी. काही ठिकाणी असे रूळ पुन्हा पडलेही. मी नोकरीत गेज कन्व्हर्जन पाहिलं आहे. आपली जयपूर-सीकर मीटरगेज २०१६ मध्ये बंद झाली आणि २०१९ मध्ये तिथे ब्रॉडगेज गाडी धावली, याचं एक मोठं कारण म्हणजे जमीन हातात होती. वऱ्हाडातली पट्टी रोज वीतभर कमी होते आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही २८४ किलोमीटरची नवी ब्रॉडगेज होते आहे, तिचा वर्धा-कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. ती यवतमाळहून दारव्ह्यालाच येणार. राहतो प्रश्न दारव्हा-कारंजा-मूर्तिजापूरचा. तिथे लोक चालत राहिले, सायकली गेल्या, तर ओटा बांधणाऱ्याला निदान कोणी विचारेल तरी. जिथे कोणी जात नाही तिथलाच भराव आधी चोरीला जातो, हा माझा नोकरीतला अनुभव.

पॉइंट्समन काकांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "लिहून द्या, अन् खाली लिहा की गाडी पायजेच." तसं लिहून दिलं आहे.

जयपूरकरांना चालणं नवं नाही. दर श्रावणात इथून डिग्गी कल्याणजीची पदयात्रा निघते, आपल्यातलेही काही जण जातात. तर येत्या डिसेंबरात आम्ही दुसरी फांदी, मूर्तिजापूर ते अचलपूर, चालणार आहोत. यायचं असेल त्यांनी नावं मंडळाच्या खजिनदारांकडे द्यावीत, परवानगीचं पत्र एकत्रच द्यायचं आहे. बूट जुने, पायाला सरावलेले घ्या, आणि नाल्यात उतरायला एक काठी. जेवणाची काळजी करू नका.

गणपती बाप्पा मोरया!