मुलाची पाठ दुखते तेव्हा

पाठ दुखते म्हटले की आपण म्हणतो, उसण भरली असेल. तेल चोळतो, शेक देतो, पायाळू माणसाचा पाय लावून घेतो. मोठ्यांची कामाने धरलेली पाठ बहुधा विश्रांतीने सुटते. पण शाळकरी मुलाची पाठ आठवडेच्या आठवडे दुखत राहिली, तर ते उसणीच्या खाती घालू नका. मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस. तरी बोलतो, कारण हे दुखणे पहिल्याने दिसते ते आईला आणि गुरुजींना.

पाठीचा कणा ही मणक्यांची नळी. तिच्या आत करंगळीएवढा मज्जारज्जू असतो. मेंदूचे निरोप त्यातूनच पायांना पोचतात. क्वचित या नळीत गाठ होते. हाडाची भिंत काही सरकत नाही. मग सारा दाब रज्जूवर येतो.

ओळखावे कसे? आडवे झाल्यावर कळ वाढते, मूल रात्री झोपेतून उठते. चालताना अडखळते. चप्पल निसटली तरी त्याला कळत नाही. पाठ एका बाजूस कलते. लघवी तुंबते किंवा नकळत होते. पाय लुळे पडू लागले वा लघवी अडली, तर एक दिवसही थांबू नये. मणक्याला क्षयही होतो. आपल्याकडे तो गाठीपेक्षा अधिक आढळतो आणि वेळीच औषध मिळाले तर बरा होतो. म्हणून न तपासता पाठ तुडवून घेऊ नये.

१८८७ साली लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचे पाय असेच लुळे पडले होते. पाठ तीन वर्षे दुखत होती. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षे होती. डॉ. गॉवर्स यांनी अंगाची संवेदना कोठून हरपली ते तपासून गाठीची जागा ताडली, डॉ. हॉर्स्ले यांनी ती काढली, आणि तो गृहस्थ पुन्हा चालू लागला!

आज एम. आर. आय. यंत्राने रज्जूच दिसतो. साध्या क्ष-किरण चित्रात गाठ न दिसण्याचा संभव असतो; तेव्हा 'फोटो चांगला आला' म्हणून निश्चिंत राहू नये.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून नंदुरबार गाठायचे म्हणजे मजुरीचा दिवस बुडतो, हे खरे. म्हणून आश्रमशाळेतील गुरुजनांना विनंती, की मूल 'पाठ दुखते' म्हणाले तर कामचुकार ठरवू नका. दुखणे केव्हापासून आहे, रात्री उठते का, चाल कशी आहे, एवढे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. त्या चार ओळींनी डॉक्टरांचे अर्धे काम होईल, आणि कदाचित एका मुलाचे पाय वाचतील.