नदीवरची लढाई आणि आपल्याकडचे सूत



वैनगंगेच्या काठी बसून अमेरिकेतल्या नदीवरच्या लढाया कशाला सांगता, असे विषय कळताच एका विडी कामगाराने आम्हांस विचारले. उत्तर कापसात आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेत गुलामांच्या घामावर कापूस पिके व मिसिसिपीवरून न्यू ऑर्लिन्सला उतरे. ती नदी घेतल्यावाचून दक्षिण वाकणार नाही हे उत्तरेने ओळखले. पण समुद्रावरचे गलबत उथळ पाण्यात काय कामाचे? तेव्हा सेंट लुईच्या जेम्स ईड्सने सात तोफनौकांचा मक्ता घेतला. लांबी १७५ फूट, तळ सपाट, ६ फूट पाणी पुरे, तोफा १३, दर्शनी अंगाला अडीच इंच जाडीचे लोखंड. सुतार-लोहार रात्रंदिवस राबले, म्हणून काही महिन्यांत त्या पाण्यात उतरल्या. नाव मात्र मक्तेदाराचे राहिले!

६ फेब्रुवारी १८६२ रोजी टेनेसी नदीवरचा फोर्ट हेन्री पडला. नदीला पूर होता, किल्ल्यातच पाणी शिरले होते. तरीही 'एसेक्स' नौकेच्या बाष्पकात गोळा घुसला आणि उकळत्या वाफेने माणसे भाजून मेली. आठच दिवसांनी फोर्ट डोनेल्सनच्या उंचावरील तोफांनी या नौकांना मागे रेटले. पुढे ४ जुलै १८६३ ला विक्सबर्ग शरण आले, तेव्हा कोठे नदी हाती आली.

आमचे लक्ष जाते ते भट्टीत कोळसा लोटणाऱ्याकडे. या कामावर पळून आलेले गुलामही होते. सप्टेंबर १८६१ च्या हुकुमाने त्यांना आरमारात घेतले, पण हुद्दा 'पोऱ्या'च्या वर नाही. महिना १० डॉलर व रोजचा एक शिधा. गुलामगिरीविरुद्धच्या आरमाराचा हा पगारपट!

इकडे सागरी नाकेबंदीने कापूस अडला व लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. तरी ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरचे उपाशी कामगार सभेला जमले आणि त्यांनी लिंकनला पाठिंबा दिला. कोणी सांगितले होते त्यांना? मालकांना तर हिंदुस्थानचा कापूस हवा होता. हिंगणघाटचा कापूस समुद्रापर्यंत न्यावा म्हणून गोदावरी व प्राणहिता आगबोटींसाठी मोकळ्या करण्याचे काम सरकारने चालविले होते. प्राणहिता म्हणजे वर्धा व आपली वैनगंगा यांचेच पाणी. खडकांपुढे हात टेकून १८७१ साली ते काम सोडले; तोवर, १८६७ ला, रेल्वे नागपुरास आलीही होती.

मुंबईत दलालांनी रुपयाचे दहा केले व १८६५ साली युद्ध संपताच दिवाळीही काढली. पवनी-मोहाडीकडच्या मागावर बसणाऱ्याला मात्र त्या तेजीत सूतच महाग पडले. मागून विलायती सूत व कापड रेल्वेने दारात आले. १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल निघाली आणि कोष्ट्यांची पोरे तिच्या खात्यांत मजुरीला लागली.