कच्चे लिंबू ते संघातला गडी

(विशेष मुलांच्या पालकांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



अंगणात लपंडाव किंवा लंगडीचा डाव मांडला की त्यात एखादे कच्चे लिंबू असायचेच. कोणाचा तरी धाकटा भाऊ, नाहीतर शेजारची जरा मागे पडणारी मुलगी. आईने दटावलेले असते, म्हणून त्याला खेळायला घ्यावे लागते. ते कच्चे लिंबू धावते, ओरडते, हसते. पण बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याने कोणाला शिवले तरी ते धरले जात नाही. खेळात आहे, हिशेबात नाही. या व्यवस्थेत एक प्रकारची माया आहे, यात शंका नाही. पण ज्या मुलाला आयुष्यभर कच्चे लिंबूच राहावे लागते, त्याच्या मनाचा विचार या मायेत कितपत होतो?

या प्रश्नाशी एका कुटुंबाने तीन पिढ्या झुंज दिली. ते कुटुंब अमेरिकेतले आहे, जगप्रसिद्ध आहे आणि त्याच्या कीर्तीची दुसरी बाजू फार काळी आहे. आपल्याकडे उदाहरणे नाहीत म्हणून परदेशी उदाहरण घेतले असे कोणी समजू नये. आपल्या उदाहरणाकडे पुढे यायचेच आहे. पण आपल्या घरातली चूक उघड्यावर मांडण्याचे धैर्य तेथील एका मुलीने दाखविले. ते समजून घेण्याजोगे आहे.

जोसेफ आणि रोझ केनेडी यांना नऊ अपत्ये झाली. दुसरा मुलगा जॉन पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. तिसरी रोझमेरी, जन्म 13 सप्टेंबर 1918. पाचवी युनिस, जन्म 1921. या घरात खेळ हा विरंगुळा नव्हता, ती परीक्षा होती. पोहणे, शिडाच्या होड्यांच्या शर्यती, अमेरिकन फुटबॉल; आणि वडिलांचा दंडक असा की दुसरा क्रमांक म्हणजे काहीच नाही. अशा घरात रोझमेरी जन्माला आली. ती उशिरा बोलू लागली, अक्षरे जेमतेम गिरवू शकली, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरत राहिली. दिसायला मात्र देखणी, नाचाची आवड असलेली, लहान मुलांत रमणारी. वडील ब्रिटनमध्ये राजदूत असताना 1938 साली तिला राजदरबारात नेऊन राजाराणींसमोर मुजराही करविण्यात आला. बहिणींमध्ये युनिसचा तिच्यावर विशेष जीव. होडीच्या शर्यतीत ती रोझमेरीला आपल्या नावेत घेई, काम सांगे आणि सांगितलेले काम रोझमेरी बहुधा नीट करी. पुढच्या सगळ्या कार्याचे बीज या नावेत आहे.

वय वाढले तशी रोझमेरी चिडू लागली. भावंडे पुढे जात आहेत आणि आपण तेथेच आहोत, हे तिला कळत होते. वडिलांना घराण्याच्या प्रतिष्ठेची काळजी वाटू लागली. 1941 साली, ती 23 वर्षांची असताना, त्यांनी तिच्यावर लोबोटॉमी नावाची मेंदूवरील शस्त्रक्रिया करवून घेतली. त्यानंतर ती धड बोलू शकेना, चालू शकेना. जे थोडेफार शिकली होती तेही गेले. पुढे 1949 पासून विस्कॉन्सिन राज्यातील एका संस्थेत तिला ठेवण्यात आले आणि घरात तिचे नाव घेणे जवळजवळ बंद झाले.

जोसेफ केनेडींना राक्षस ठरविणे सोपे आहे. परंतु ज्या पोर्तुगीज वैद्याने या शस्त्रक्रियेचा पाया घातला, त्या एगास मोनिझ यांना 1949 साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे विसरून चालणार नाही. त्या काळी तो अत्याधुनिक उपचार समजला जात होता. या बापाजवळ पैसा होता, उत्तम डॉक्टर होते, लेकीवर प्रेमही असावे. नव्हती ती एकच गोष्ट: जे मूल पहिले येणार नाही, त्याला आहे तसे घरात वावरू देण्याची तयारी. हा दोष केवळ श्रीमंत अमेरिकन बापांपुरता मर्यादित आहे, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

डिसेंबर 1961 मध्ये वडिलांना पक्षाघात झाला. त्यानंतरच्या काळात घरातील शांततेची भिंत हळूहळू ढासळली. भाऊ राष्ट्राध्यक्ष असताना, सप्टेंबर 1962 मध्ये, युनिसने एका लोकप्रिय अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहून आपली बहीण बौद्धिक दिव्यांग आहे, हे देशाला सांगितले. शस्त्रक्रियेची गोष्ट त्या लेखात नव्हती. ती पुष्कळ वर्षांनी बाहेर आली. तरीही त्या काळात, त्या पदावर भाऊ बसलेला असताना, एवढे सांगणेदेखील लहान नव्हते. आपल्याही घरी असेच मूल आहे, हे मोकळेपणाने म्हणण्याची वाट त्यामुळे अनेक आईबापांना सापडली.

लेखाच्या आधीच तिने एक प्रत्यक्ष काम सुरू केले होते. आपल्या मुलाला कोणतेही उन्हाळी शिबिर घेत नाही, असे एका आईने तिला दूरध्वनीवर सांगितले. युनिसचे उत्तर असे की, मग माझ्या घरी पाठवा. युनिस आणि त्यांचे पती सार्जंट श्रायव्हर मेरीलँड राज्यात राहत होते. त्या घराच्या आवारात जून 1962 मध्ये बौद्धिक दिव्यांग मुलांचे शिबिर भरले. प्रत्येक मुलामागे शाळा-महाविद्यालयातला एक स्वयंसेवक. पोहणे, चेंडू, घोड्यावर बसणे, झाडावर चढणे, सगळे काही. युनिसची स्वतःची मुलेही याच घोळक्यात मिसळून खेळत. तिसरे अपत्य टिमोथी तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. पुढे 1996 पासून त्याने आईने उभारलेल्या जागतिक संघटनेची धुरा सांभाळली. धाकटा अँथनी याने 1989 साली दिव्यांग आणि इतर तरुणांच्या मैत्रीसाठी वेगळी संस्था काढली. या मुलांना कोणी दिव्यांगसेवेचे बौद्धिक दिले नव्हते. ज्यांच्याबरोबर चेंडू खेळायचा, ती मुले अशी असतात, एवढेच त्यांनी लहानपणी पाहिले.

त्या काळचे जाणकार म्हणत, ही मुले पाण्यात बुडतील, त्यांना दमणूक झेपणार नाही, हरली तर कोसळतील. याला शास्त्रीय उत्तर दिले ते कॅनडातील संशोधक फ्रँक हेडन यांनी. बौद्धिक दिव्यांग मुलांची शारीरिक क्षमता समवयस्कांच्या मानाने फार कमी असते, हे त्यांना दिसलेच. पण त्याचे कारण त्यांनी शोधले, आणि ते मेंदूत सापडले नाही. बैठ्या जीवनात सापडले. मुले दुबळी आहेत म्हणून त्यांना बसवून ठेवलेले नव्हते, बसवून ठेवल्यामुळे ती दुबळी झाली होती. हा शोध प्रत्येक पालकाने मनाशी घोळवावा असा आहे.

20 जुलै 1968 रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिली आंतरराष्ट्रीय स्पेशल ऑलिम्पिक्स स्पर्धा झाली. अमेरिकेची 26 राज्ये आणि कॅनडा येथून सुमारे 1,000 खेळाडू आले होते. प्रचंड मैदान, बहुतेक आसने रिकामी. युनिसचा भाऊ रॉबर्ट याची हत्या होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. जॉनची हत्या 1963 सालीच झाली होती. घरावर असे आघात झालेली ही स्त्री त्या दिवशी मैदानावर उभी राहिली आणि तिने स्पर्धेचे उद्घाटन केले.

येथे एक गोष्ट सूक्ष्मपणे पाहिली पाहिजे. स्पर्धेच्या हव्यासाने ज्या घरात एका मुलीचा बळी गेला, त्या घरातील दुसऱ्या मुलीने स्पर्धाच टाकून दिली असती तर नवल नव्हते. सर्वांना सारखीच बक्षिसे, सर्वांना टाळ्या, असे करता आले असते. युनिसने ते केले नाही. शपथेत खेळाडू आधी विजयाची इच्छा बोलून दाखवितो. विजय मिळाला नाही तर निदान प्रयत्नात शूर राहू दे, हे मागणे त्यानंतरचे. जिंकण्याची इच्छा बाळगणे हा या मुलांचाही हक्क आहे, असे तिने धरले आणि स्पर्धा रास्त कशी होईल ते पाहिले.

म्हणूनच या स्पर्धांत गटवाटणीला इतके महत्त्व आहे. खेळाडूंची आधी चाचणी होते. वय, मुलगा की मुलगी आणि चाचणीतील कामगिरी पाहून साधारण तीन ते आठ जणांचे गट पाडतात. गटातील सर्वांत सरस आणि सर्वांत मागचा यांच्या कामगिरीत सुमारे 15 टक्क्यांहून अधिक फरक नसावा, असा प्रयत्न असतो. त्यामुळे 100 मीटर धावायला अर्धे मिनिट घेणारा मुलगा तेवढाच वेळ घेणाऱ्याशी झुंजतो, आणि तो जिंकला तर खरोखर जिंकलेला असतो. चाचणीत मुद्दाम हळू धावून अंतिम फेरीत चमकणाऱ्याला बाद करण्याचाही नियम आहे. लबाडीची शक्यता गृहीत धरली, म्हणजे माणूस म्हणून पुरते मान्य केले. कच्च्या लिंबाला कोणी लबाडीबद्दल बाद करीत नाही!

1989 साली आणखी एक पाऊल पडले. बौद्धिक दिव्यांग खेळाडू आणि दिव्यांग नसलेले जोडीदार यांचा एकच संघ, असा प्रकार सुरू झाला. त्याला ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ म्हणतात; आपण एकत्रित खेळ म्हणू. बास्केटबॉलमध्ये मैदानावरील पाचांपैकी तीन खेळाडू आणि दोन जोडीदार असतात. स्पर्धात्मक प्रकारात दोघांचे वय आणि कौशल्य जवळपासचे असावे लागते. एखाद्या राज्यपातळीवरच्या खेळाडूला जोडीदार म्हणून आणून त्याच्याच हातून सगळे गुण मिळवायचे, हे चालत नाही. जोडीदार हा मदतनीस नव्हे आणि उपकारकर्ताही नव्हे. चेंडू वेळेवर दिला नाही तर दिव्यांग खेळाडू त्याच्यावर वैतागतो, आणि वैतागावेच.

आता थोडे नावांविषयी. आपल्याकडे पॅरालिम्पिक आणि स्पेशल ऑलिम्पिक्स यांची सर्रास गल्लत होते, वृत्तपत्रांतही. पॅरालिम्पिक ही मुख्यतः शारीरिक आणि दृष्टिविषयक दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूंची उच्चतम स्पर्धा. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी 1972 साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, ते पॅरालिम्पिकमध्ये. स्पेशल ऑलिम्पिक्स केवळ बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे आणि तेथे प्रत्येक क्षमतेच्या खेळाडूला जागा असते. ‘मतिमंद’ हा शब्द मात्र आता टाकलेला बरा. अमेरिकेत त्या अर्थाचा शब्द केंद्रीय कायद्यांतून 2010 साली काढण्यात आला, तोही एका शाळकरी मुलीच्या कुटुंबाने धरलेल्या आग्रहामुळे.

पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक दिव्यांगांसाठीही काही मोजक्या शर्यती असतात. तेलंगणातील वरंगळ परिसरातील कल्लेडा गावच्या दीप्ती जीवनजी हिने सप्टेंबर 2024 मध्ये पॅरिस येथे त्यांतील 400 मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी मे महिन्यात जपानमध्ये कोबे येथे तिने जागतिक विक्रमासह सुवर्ण मिळविले होते. मुलगी लहान असताना गावातील लोक तिला नाही नाही ती नावे ठेवीत; तिला अनाथाश्रमात टाका, असा सल्ला देणारेही होते. आईवडील मजुरी करणारे. अडचणीच्या काळात त्यांना आपली अर्धा एकर जमीन विकावी लागली, मुलगी मात्र त्यांनी टाकली नाही. आशियाई पॅरा स्पर्धेतील सुवर्णानंतर मिळालेल्या बक्षिसातून दीप्तीने ती जमीन परत विकत घेतली. बोस्टनच्या कोट्यधीश घराला जे साधले नाही, ते कल्लेड्याच्या मजुराच्या घराला साधले.

आपल्याकडची एकत्र कुटुंबपद्धती अशा मुलांना सांभाळून घेत असे, असे आपण अभिमानाने सांगतो. ते पुष्कळ अंशी खरेही आहे. आजी-काकूंच्या पदराखाली ही मुले उपाशी राहिली नाहीत. पण पाहुणे आले की आतल्या खोलीत, लग्नकार्यात मागच्या रांगेत, आणि पटांगणावर तर नाहीच, हेही त्याच घरांत घडले. आता घरे लहान झाली आणि सगळा भार एकट्या आईवर आला. तिला विश्रांती हवी असते, आणि मुलाला घाम यायला हवा असतो. या दोन्ही गोष्टी मैदानावर एकाच तासात होऊ शकतात, जर मुलाला नेणारा दुसरा कोणी असेल.

कायद्याचे पाठबळ आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 30 व्या कलमात खेळाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संघटना देशभर काम करते. बर्लिनच्या 2023 मधील जागतिक स्पर्धेतून भारतीय खेळाडूंनी 202 पदके आणली, त्यांत 76 सुवर्ण होती. किती घरांत ही बातमी वाचली गेली, हा प्रश्न वेगळा.

रोझमेरीचे काय झाले, हे सांगायला हवे. वडिलांच्या आजारपणानंतर भावंडे तिला पुन्हा भेटू लागली. युनिसच्या घरी ती येऊन राही, तेथील तलावात पोही. युनिसच्या मुलांना ती मावशी म्हणून मिळाली, आणि मुलांचा तिच्याशी वागण्यातला संकोच मोठ्यांपेक्षा लवकर गेला. 7 जानेवारी 2005 रोजी, 86 व्या वर्षी, भावंडे उशाशी असताना ती गेली. गेलेले बोलणे मात्र तिला कधीच परत मिळाले नाही.

येथे बसलेल्या पालकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या स्पर्धेत आठव्या वर्षापासून भाग घेता येतो; त्याहून लहान मुलांसाठी खेळातून हालचालींचे वेगळे उपक्रम असतात. डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या मणक्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय कोलांट्या आणि पाण्यात सूर मारणे टाळावे. आणि जोडीदार लागतात. बोची नावाचा चेंडू टाकण्याचा साधा खेळ आहे. दुहेरीला एक खेळाडू आणि एक जोडीदार पुरतो. सख्खा भाऊ, चुलत बहीण, समोरच्या घरातला महाविद्यालयीन मुलगा, कोणीही चालेल. हौसेच्या सामन्याला बाबाही चालतात. सरावाचे वार मात्र चुकवायचे नाहीत, कारण हा गडी वाट पाहत बसतो.