झोपेचा रकाना



आपली फिजिओथेरपीची ही परिषद नागापूरला भरते आहे याचा मला विशेष आनंद आहे. इथल्या एमआयडीसीत अनेक घरांची झोप शिफ्टवर ठरते, आणि जवळच विळद घाटात उद्याचे फिजिओथेरपिस्ट घडत आहेत. पक्षाघातानंतरच्या झोपेबद्दल बोलायला मला ही जागा योग्य वाटते.

‘अंगावरून वारं गेलं’ असं सांगत नातेवाईक रुग्णाला आपल्याकडे आणतात. आपण हात उचलायला लावतो, स्नायूंची ताकद नोंदवतो, चालवून बघतो. रात्री झोप लागली का, हे बहुतेक वेळा विचारायचं राहून जातं. केसपेपरवर त्याचा रकाना नसतो. तो असावा आणि पहिला असावा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

लुळा पडलेला हात पुन्हा पेला धरायला शिकतो, तेव्हा मेंदूचा शाबूत भाग नव्या जोडण्या करत असतो. सरावात त्यांची सुरुवात होते. पक्क्या व्हायला झोपेची मदत लागते. कॅथरीन सिएंगसुकॉन आणि लारा बॉयड यांनी २००८-०९च्या सुमारास पक्षाघात झालेल्यांना हाताचं एक नवं कौशल्य शिकवलं. सराव आणि चाचणी यांच्यामध्ये ज्यांची झोप झाली, त्यांचं कौशल्य सुधारलेलं दिसलं. तेवढाच वेळ जागे राहिलेल्यांचं नाही. त्याच वयाच्या निरोगी माणसांत मात्र झोपेने असा फरक पडला नाही. म्हणजे आपल्या रुग्णाला झोपेची गरज त्याच्या निरोगी शेजाऱ्यापेक्षा जास्त असावी. पुढे ऑक्सफर्डच्या मेलनी फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनाही, ज्यांची झोप मोडलेली होती त्यांची सुधारणा मंद असल्याचं आढळलं. झोप सुधारली की हालचाल किती सुधारते, याचा पक्का पुरावा अजून जमतो आहे. पण तोवर थांबण्याचं मला काही कारण दिसत नाही. चांगल्या झोपेने कुणाचं नुकसान होत नाही.

झोप मोडते कशाने? मला सर्वांत आधी खांदा आठवतो. दुबळ्या बाजूचा खांदा निखळल्यासारखा लोंबतो, कुशीवर वळताना हात अंगाखाली सापडतो आणि माणूस कळवळून जागा होतो. ज्याला नीट बोलता येत नाही, तो हे सांगणार कसं? सकाळी तो व्यायामाला नकार देतो आणि घरचे म्हणतात, ‘आळस करतात.’ त्या हाताखाली घडी केलेली चादर किंवा उशी कशी ठेवायची, कुशीवर कसं वळवायचं, हे सुनेला, मुलाला आपण स्वतः करून दाखवलं पाहिजे. तोंडी सूचना पुरत नाही. संध्याकाळी घेतलेल्या लघवीच्या गोळीने रात्री चारदा उठावं लागत असेल, तर वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. उदासी, दिवसभर पडून राहणं, उशाशी चालू असलेला टीव्ही हेही आहेच. सकाळी ओट्यावर उन्हात बसवणं आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणणं, याला पैसे पडत नाहीत.

घोरण्याकडे मात्र विशेष लक्ष द्या. ‘गाढ झोपतात, घोरतात’ असं नातेवाईक समाधानाने सांगतात. पक्षाघाताच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आढळतो. घोरता घोरता श्वास थांबतो का, मग दचकल्यासारखा पुन्हा सुरू होतो का, हे शेजारी झोपणाऱ्याला विचारा. तसं असेल तर तपासणीला पाठवा. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी थांबवायला सांगताना रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवायला विसरू नका. अशा काही गोळ्यांनी तोल जातो, श्वासाचा त्रास वाढतो, आणि बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं.

रुग्णालयांनाही माझी विनंती आहे. वॉर्डातले दिवे रात्री मंद करता येतील, पहाटेची रक्तदाब-तपासणी जिथे गरज नाही तिथे तासभर पुढे ढकलता येईल.

शेवटी नागापूरच्या कामगाराबद्दल. सहा-आठ महिन्यांनी तो काठी सोडतो, पगाराची ओढ असते, आणि आपण फिटनेस सर्टिफिकेटसाठी शिफारस करतो. त्या कागदावर हात-पायांची ताकद लिहिली जाते. त्याखाली आणखी एक ओळ डॉक्टरांकडून लिहून घ्या: रात्रपाळी आणि दर आठवड्याला बदलणारी पाळी देऊ नये. ही ओळ मागताना कामगार संकोचेल, नोकरी जाईल म्हणून घाबरेल. त्याच्या वतीने कंपनीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं हेही आपल्याच उपचारात धरा.