कंगवा कुणासाठी कोरला?

आज जाऊया दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये. डच मळ्यांवरच्या गुलामीतून पळून जंगलात स्वतःची गावं वसवणाऱ्या आफ्रिकी लोकांना ‘मरून’ म्हणतात. त्यातल्या सामाकांनी लढून १७६२ मध्ये डचांना तह करायला लावला. सुरिनाममध्ये गुलामी कायद्यानं संपली १८६३ मध्ये. म्हणजे हे लोक १०१ वर्षं आधीच मोकळे!

पण १९६० च्या दशकात अॅल्युमिनियम उद्योगाला वीज हवी म्हणून आफोबाका धरण झालं. सामाकांची गावंच्या गावं पाण्याखाली गेली, सुमारे ६,००० माणसं उठवली गेली. गाव गेलं की त्याच्या गोष्टीही पांगतात.

म्हणून मला पिकिन स्ली गावातलं सामाका संग्रहालय फार मोलाचं वाटतं. रस्ता संपतो, मग नदीतून होडीनं जायचं. तिथल्याच लाकूड कोरणाऱ्या कलाकारांनी ते उभं केलं. सामाका पुरुष आपल्या बायकोसाठी कंगवा कोरतात. बायका कॅलाबाश फळाच्या करवंटीला आतून नक्षी काढतात. दूरच्या शहरात, काचेमागे तो नुसता ‘लाकडी कंगवा’. इथे मात्र तसा कंगवा का आणि कुणासाठी कोरतात, हे सांगणारी माणसं शेजारीच राहतात.

संग्रहालयाला आधी इमारत लागत नाही. वस्तू लागते, आणि तिची गोष्ट सांगणारा आवाज. फोन तर हातातच आहे. आजीला घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूबद्दल विचारा, आणि रेकॉर्ड करा. भेटू पुढच्या भागात!