सामायिक कपाटाची दोन कुलपे



चिटणीसांनी माझ्या विषयाचे नाव 'संगणकांमधील सहकार' असे छापले आहे. नाव गोड आहे. पण सहकार म्हटला की भांडण आलेच, हे आपणांस सांगावयास नको.

एका संगणकावरचा हिशेब दुसऱ्यावर हवा असतो. पेनड्राइव्ह खिशात घालून या टेबलावरून त्या टेबलाकडे हेलपाटे घातले, तर एका हिशेबाच्या चार प्रती होतात आणि खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून एका संगणकातील एक फोल्डर सर्वांसाठी खुले करावयाचे. विंडोजमध्ये हा व्यवहार ज्या बोलीत चालतो तिला एस.एम.बी. म्हणतात. या बोलीचे व्याकरण हाती नसताना ती शिकलेला एक मनुष्य होऊन गेला नाही, तो आजही आहे. अँड्र्यू ट्रिजेल हा १९९१ च्या अखेरीस कॅनबेरा येथील विद्यापीठात संशोधन करणारा विद्यार्थी होता. त्याला आपला साधा संगणक युनिक्सच्या मोठ्या संगणकाशी जोडावयाचा होता. तारेवरून जाणारे निरोप त्याने नुसते ऐकले आणि कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर येते याची जुळणी केली. त्याच्या या प्रणालीचे आधीचे नाव दुसऱ्या कोणाच्या मालकीचे निघाले. तेव्हा एस, एम, बी ही अक्षरे ओळीने येणारा शब्द कोशात शोधून १९९४ मध्ये तिला 'सांबा' असे नाव देण्यात आले.

मला हे ऐकणे महत्त्वाचे वाटते. आपण काय करतो? संगणक काय म्हणतो ते न वाचताच बटणे दाबू लागतो. वस्तुतः त्याच्या तक्रारी मुख्यतः दोन. 'रस्ता सापडत नाही' ही एक आणि 'परवानगी नाही' ही दुसरी. रस्ता न सापडणाऱ्याला किल्ली देऊन काय उपयोग?

रस्ता सापडत नसेल, तर शेजारच्या संगणकांची यादी रिकामी दिसते म्हणून घाबरू नये. ती यादी बेभरवशाची असते. दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढे त्या संगणकाचा आय.पी. पत्ता लिहावा. पत्त्याने उघडले आणि नावाने उघडले नाही, तर दोष केवळ नाव ओळखण्यात आहे. पत्त्यानेही उघडले नाही, तर विंडोजने आपले जाळे 'सार्वजनिक' मानले आहे काय ते पाहावे. तसे असेल तर फायरवॉल फाइलींचे दार लावून घेतो. घरचे किंवा कचेरीचे जाळे 'खासगी' करावे, दार रीतसर उघडते.

आता परवानगी. येथे कुलपे दोन आहेत: एक सामायिक फोल्डरचे, दुसरे डिस्कवरील फाइलींचे. जाळ्यातून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि त्यांतले कडक असेल ते चालते. त्याच संगणकापुढे बसलेल्याला फक्त दुसरे लागते. "माझ्याकडे तर उघडते!" या वादाचे मूळ पुष्कळदा येथेच असते. आणखी एक गोष्ट. संगणक सुरू करताना आपण जो चार आकड्यांचा पिन देतो, तो त्या यंत्रापुरताच असतो. जाळ्यातून येताना खात्याचा खरा संकेतशब्द लागतो; आणि संकेतशब्दच नसलेल्या खात्याला विंडोज सहसा दारातूनच परत पाठवते.

घाईने यावर एक रामबाण काढला आहे: फायरवॉल बंद करा, 'सर्वांना सर्व अधिकार' द्या, जुनी एस.एम.बी. चालू करा. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रणालीने या बोलीच्या पहिल्या आवृत्तीतील भोकातूनच शिरून इंग्लंडमधील रुग्णालये अडवली. रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रियाही रद्द झाल्या. भोक बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच निघाली होती! त्याच वर्षापासून नवीन विंडोज ही पहिली आवृत्ती आपण होऊन बसवीत नाही. म्हणून जुने स्कॅनर एकाएकी मुके झाले. कोणी तेवढ्यासाठी ती पुन्हा चालू करा म्हणाला, तर ऐकू नका. स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या.

हा रामबाण मीही एकदा मारला आहे. एका ग्रंथालयात संध्याकाळची वेळ होती, दार उघडत नव्हते, मंडळी खोळंबली होती. मी 'सर्वांना सर्व अधिकार' देऊन टाकले. चहा झाला, कौतुक झाले. पुढे काही महिन्यांनी एका हौशी स्वयंसेवकाच्या हातून पुस्तकांच्या सूचीचे फोल्डर पुसले गेले. आपल्या यंत्रावर पुसलेली फाइल टोपलीत सापडते. विंडोजच्या जाळ्यातून पुसलेलीला सहसा टोपलीच नसते. दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती. ग्रंथपालबाईंचे तीन वर्षांचे टंकलेखन गेले.

त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. मी जाऊन वाचकांना फक्त वाचण्याचा अधिकार ठेवला, लिहिण्याचा बाईंच्या एकट्या खात्याला दिला आणि रोज रात्री वेगळ्या डिस्कवर प्रत निघेल अशी व्यवस्था केली. बाईंनी पहिल्या कपाटापासून पुन्हा सुरुवात केली. गेल्या आठवड्यात गेलो होतो, तेव्हा त्या सातव्या कपाटापर्यंत आल्या होत्या.